मामांच्या शेडमधला घडीचा कॅम्पर: आधी पाणी, मग बाकी सगळं

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला, फोटोही नीट मोठे करून पाहिले. इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून आधी परिस्थिती थोडक्यात मांडतो. शिरोड्याला तुमच्या मामांच्या घरामागे एक अमेरिकन बनावटीचा घडीचा कॅम्पर ट्रेलर पडून आहे. प्रवासात बंद पेटीसारखा, मुक्कामाला पोचल्यावर हँडल फिरवलं की छप्पर वर जातं, पुढून-मागून पलंग बाहेर सरकतात आणि मधल्या भिंती कॅनव्हासच्या. मामा कुवेतला होते, तिथे तो जुना विकत घेतला आणि ऐंशीच्या दशकात घरसामानाबरोबर जहाजाने आणला. गेली पंधरा वर्षं कोणी उघडलेला नाही. तुम्हाला त्यात एसी, फ्रीज आणि सोलर बसवून डिसेंबरात बोलेरोमागे जोडून मुलांना हंपी दाखवायची आहे.

हंपी होईल, पण डिसेंबरात नाही. आता सप्टेंबर संपत आलाय. काम घाईत उरकलं तर पुढच्या जूनमध्ये सगळं परत उघडावं लागेल. फेब्रुवारी धरा. हवाही तेव्हा बरी असते.

मी या धंद्यात फायबरग्लास होड्यांच्या कामातून आलो. नदीकाठच्या यार्डात अकरा वर्षं होड्या दुरुस्त केल्या, मग डिचोलीजवळ स्वतःचं वर्कशॉप टाकलं. असे घडीचे कॅम्पर गोव्यात फार नाहीत, तरी सात माझ्या हातून गेले. एकही वयामुळे मेलेला नव्हता. सगळे पाण्याने मेलेले होते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. आणि पाऊस नसतो तेव्हा समुद्राकडची खारी, दमट हवा असते. हा ट्रेलर ज्या लोकांनी बनवला त्यांच्या डोळ्यांसमोर असा पावसाळा नव्हता. म्हणून तुमचं काम दुरुस्तीचं कमी आणि पाण्याची वाट शोधण्याचं जास्त आहे: ते कुठून शिरतं, कुठे साचतं, कुठून बाहेर जातं.

त्याआधी कागद. ट्रेलर हे मोटार वाहन कायद्याने स्वतंत्र वाहन आहे, त्याला स्वतःची नोंदणी लागते. खासगी वापराच्या कॅम्पर ट्रेलरला वाहनांच्या वर्गवारीत जागा आहे, त्यामुळे काम अशक्य नाही. पण मामांच्या कपाटात त्या वेळची बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टमचा कागद) आणि कस्टम भरल्याची पावती शोधा. ती नसेल तर आरटीओत आधी जाऊन बोला, मग खर्चाला हात घाला. ज्या ट्रेलरला नंबर मिळणार नाही तो अंगणातली खोली म्हणून छान असतो, रस्त्यावर न्यायचा नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. छप्पर उचलून बघण्याचा मोह होईल, पण हँडलला हात लावू नका. तुम्ही लिहिलंय की ‘थोडं फिरवलं, कडकड आवाज आला म्हणून थांबलो’. थांबलात हे फार चांगलं केलंत. या ट्रेलरच्या फरशीखाली विंचपासून, म्हणजे हँडलने तार गुंडाळणाऱ्या चक्रापासून, एक तार निघते. ती एका आडव्या पट्टीला ओढते आणि त्या पट्टीपासून चार कोपऱ्यांना चार तारा जातात. कोपऱ्यात एकात एक बसणारे खांब असतात. पंधरा वर्षं एका जागी राहिलेली कप्पी गंजून जाम होते. मग तार तिच्यावरून फिरत नाही, घासत जाते. चारपैकी एक कोपरा अडला की बाकी तीन वर जातात, छप्पर तिरकं होतं आणि खांब वाकतात. तार दुरुस्त होते. वाकलेला खांब सरळ करून पुन्हा सरळ सरकवणं मला आजवर एकदाच जमलंय.

म्हणून आधी ट्रेलर स्टँडवर घ्या आणि खाली झोपून पाहा. प्रत्येक कप्पी हाताने फिरते का? तारेचे तंतू कुठे तुटून काट्यासारखे उभे आहेत का? एक तुटलेला तंतू दिसला तरी चारही तारा बदला. एक नवी आणि तीन जुन्या असल्या की ताण सारखा येत नाही. जुनी तार व्हर्नियरने मोजा. माप इंचात निघेल. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी, आणि आपल्या दुकानात ५ मिमी देतील. ती कप्पीच्या खाचेत मोकळी बसते का ते पाहूनच घ्या. तार ‘७ बाय १९’ विणीची मागा, तीच लहान कप्पीवरून वळते. कडक विणीची तार सहा महिन्यांत तुटायला लागते. कप्प्यांना घट्ट ग्रीस भरू नका. आपल्या लाल मातीची धूळ ग्रीसमध्ये बसली की घासकागद तयार होतो. कोरडं सिलिकॉन किंवा टेफ्लॉनचा स्प्रे वापरा. सगळं झाल्यावर दोन माणसांनी हाताने छप्पर हलकं करत, तिसऱ्याने हँडल फिरवत, वीतवीतभर उचला आणि प्रत्येक वेळी चारही कोपऱ्यांची उंची टेपने मोजा. छप्पर वर गेलं की खांबांच्या उंचीचे चार पाइपचे तुकडे उभे चिरून खांबांवर बसवा. त्यांच्याशिवाय छपराखाली डोकं घालायचं नाही, मुलांना तर मुळीच जाऊ द्यायचं नाही.

छप्पर वर राहिलं की पाण्याचा शोध. पाऊस अजून पुरता गेलेला नाही ते बरंच आहे, पण पावसावर अवलंबून राहू नका. एक माणूस आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर बागेचा पाइप घेऊन. पाणी खालून वर मारत जा: आधी पेटीचा खालचा सांधा, दहा मिनिटं थांबा, मग वरचा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि खरं भोक कुठलं ते कळत नाही. आत जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करा. थेंब दिसतो तिथेच भोक असतं असं नाही. अॅल्युमिनियमच्या पत्र्याखाली लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आहे, पाणी पट्टीवरून चालत तीन फूट लांब जाऊन पडतं.

सांध्यांवर कोणी पूर्वी सिलिकॉन फासलेलं दिसतंय तुमच्या चौथ्या फोटोत. ते सगळं खरवडून काढावं लागेल. माझ्या दुसऱ्याच कामात मी हीच चूक केली होती: व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन सांध्यावर भरलं. त्यातलं आम्ल अॅल्युमिनियम खातं, आणि एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर दुसरं काही, रंगसुद्धा, धरत नाही. पुढच्या पावसाळ्यात ते काम मला स्वतःच्या पैशाने परत करावं लागलं. बरोबर पद्धत अशी: कडेची पट्टी उघडा, खाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) घाला, पट्टी परत आवळा, बाहेर आलेली टेप कापा आणि वरून पॉलियुरेथेन सीलंटची बारीक रेघ ओढा. जुने लोखंडी स्क्रू परत लावू नका. अॅल्युमिनियम आणि लोखंड खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की अॅल्युमिनियमचा पांढरा भुगा होतो. स्टेनलेस घ्या, किनाऱ्याजवळ राहत असाल तर ३०४ ग्रेडपेक्षा ३१६ ग्रेडचं, आणि तरीही स्क्रूच्या मानेला सीलंट लावूनच बसवा.

फरशीचं प्लायवूड स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, विशेषतः कडांना आणि चाकांच्या वर. जिथे टोक बोटभर आत जातं तिथला तुकडा कापावा लागेल. नवं प्लाय आयएस ७१० चं, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं बीडब्ल्यूपी मरीन ग्रेडचं घ्या. दुकानदार ३०३ चं बीडब्ल्यूआर ‘तेच आहे’ म्हणून देईल, ते तेच नाही. आणि लक्षात ठेवा, मरीन प्लायसुद्धा कडेने पाणी पितं. कापलेल्या प्रत्येक कडेला, बोल्टच्या प्रत्येक भोकाला आतून, पातळ इपॉक्सीचे तीन हात द्या. आमचा मेस्त खालच्या बाजूला काजूच्या टरफलांचं तेल लावतो, जसं पूर्वी लाकडी होड्यांना लावायचे. वाळवी फिरकत नाही. पण ते कातडीला भाजतं, हातमोजे लागतात, आणि आतल्या बाजूला ते लावायचंच नाही. फरशीवर व्हिनाइल कडेपासून कडेपर्यंत चिकटवू नका. सुटं अंथरा, म्हणजे ओलं झालं तर उचलून वाळवता येईल.

आता कॅनव्हास. खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा इथे जाणार आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजीही त्याचीच वाटते.

तुमच्या मेस्तने सांगितलंय की ‘ताडपत्री शिवून टाकू, स्वस्तात होईल’. नको. पीव्हीसी ताडपत्री पाणी अडवते, पण वाफही अडवते. चार माणसं रात्रभर आत झोपली की त्यांच्या श्वासाचा ओलावा थंड भिंतीवर जमतो आणि पहाटे गाद्यांच्या कडा ओल्या होतात. बार्देशातल्या एका गिऱ्हाइकाने हट्टाने तेच करून घेतलं. मीही पुरेसं ठाम सांगितलं नाही. एका वर्षात गाद्या काळ्या पडल्या. सुती किंवा पॉलिकॉटन कॅनव्हास श्वास घेतो. कापडातला सुती धागा भिजला की फुगतो आणि सुईची भोकं स्वतःच बुजवतो. म्हणूनच नवा कॅनव्हास पहिल्या सहलीआधी दोन-तीनदा पूर्ण भिजवून, ताणलेल्या अवस्थेत वाळवायचा. पहिल्या भिजण्यात शिवणीतून पाणी गळतं, घाबरू नका. छपराच्या आतल्या बाजूचं अस्तर सोडून बाकी कुठेही पीव्हीसी नको. पलंगांच्या बुडाला मात्र चालेल.

जुना कॅनव्हास फाडून टाकू नका, कितीही कुजलेला असला तरी. तोच तुमचा नमुना आहे. प्रत्येक तुकड्यावर मार्करने ‘पुढचा डावा’, ‘दार’, ‘वर’ असं लिहा, शिवण उसवून सपाट पसरा आणि मग कापडावर आखा. ताणून ढिला झालेला असेल तर सांगाड्यावरून मापं परत घ्या. आपल्याकडे जीपची हुडं आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे कारागीर आहेत, त्यांची जड मशीन हे काम करते. त्यांना दोन गोष्टी निक्षून सांगा. धागा पॉलिएस्टरचा जाड हवा, साधा सुती नको, तो आधी कुजतो. आणि चेन प्लास्टिकच्या दातांची, मोठी, १० नंबरची. धातूची चेन किनाऱ्यावर एका हंगामात अडकते. जाळी बारीक घ्या; पेडण्यापासून काणकोणपर्यंत किनाऱ्यावर संध्याकाळी ज्या बारीक माश्या चावतात त्या साध्या मच्छरजाळीतून आत येतात.

आणि आता ज्या एका सुधारणेसाठी मी तुमच्याशी भांडायला तयार आहे ती. मूळ ट्रेलरमध्ये कॅनव्हास स्टेपल आणि पट्टीने कायमचा ठोकलेला असतो. तसा परत ठोकू नका. कडेत दोरी शिवून घ्या आणि पेटीला व छपराला अॅल्युमिनियमची खाच असलेली पट्टी लावा, शिडाच्या होडीला असते तशी. दोरीची किनार त्या खाचेतून सरकत जाते. मग मेअखेरीला अर्ध्या तासात सगळा कॅनव्हास निघतो, आणि जून ते सप्टेंबर तो घरात माळ्यावर दोरीवर लटकतो. माझ्या सातपैकी पाच ट्रेलरना मी असं केलंय, त्या पाचही कॅनव्हासना अजून भुरी लागलेली नाही. उरलेल्या दोघांना दुसऱ्या चतुर्थीच्या आत लागली. ओला कॅनव्हास घडी घालून बंद केला तर आपल्या हवेत दोन दिवसांत वास यायला लागतो. सहलीवरून पावसात परतलात तर रात्री कितीही दमलेले असा, दुसऱ्या दिवशी उघडून वाळवा. भुरी धुवायला ब्लीच वापरू नका, धागा आणि पाणीरोधक लेप दोन्ही जातात. साधा साबण, मऊ ब्रश, भरपूर पाणी, आणि पूर्ण वाळल्यावर नवा लेप.

पावसाळ्यात पेटीसुद्धा प्लास्टिकमध्ये गुंडाळायची नाही. शेडमध्ये चार चिऱ्यांवर टेकवून, छप्पर वीतभर उचललेलं आणि दरवाजा उघडा. वारा खेळला पाहिजे.

चाकांचं काम सोपं आहे, म्हणून लवकर सांगतो. टायर बाहेरून कितीही चांगले दिसोत, फेकून द्या. बाजूवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. चार आकडे नसतील, तीनच असतील, तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. हब उघडून बेअरिंग धुवा, निळसर डाग किंवा खड्डा दिसला की बदला. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, अशा ट्रेलरमध्ये अनेकदा एल४४६४९ सापडतो आणि तो आपल्याकडेही मागवता येतो. आवळताना चाक फिरवत आवळा, मग नट सैल करून बोटांनी घट्ट होईल इतकाच ठेवा, नवी कॉटर पिन. पहिल्या २० किलोमीटरनंतर थांबून हबला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर पुढे जाऊ नका. ब्रेक असतील तर ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा. ओल्या फडक्याने पुसा. सांगाड्याचं लोखंड हातोडीने वाजवत जा, आवाज ठस्स आला तिथे आतून गंज आहे. स्प्रिंगच्या पाट्या जिथे टांगलेल्या असतात त्या हँगरच्या वेल्डिंगला तडे शोधा. बंद चौकोनी नळीत पाणी साचतं, तिच्या तळाला ८ मिमीचं भोक पाडून द्या.

ट्रेलर अमेरिकन असल्यामुळे तीन गोष्टी तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही. पहिली, आतल्या प्लग आणि उपकरणांना १२० व्होल्ट लागतात. घरची २३० व्होल्टची वायर त्याला जोडू नका. जुनं वायरिंग पूर्ण काढा, नवं घाला आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा. दुसरी, मागच्या दिव्यांना चारच तारा असतात: पांढरी अर्थची, तपकिरी टेललाइटची, पिवळी आणि हिरवी डाव्या-उजव्या बाजूची. ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल बल्बमध्ये. बोलेरोत ते वेगळे आहेत, त्यामुळे पिवळे इंडिकेटर वेगळे बसवा, मागच्याला स्पष्ट दिसेल. तिसरी, दार उजव्या बाजूला आहे. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून दार रस्त्याच्या कडेला उघडतं. आपल्याकडे तेच दार वाहत्या रस्त्यात उघडतं. दार हलवणं फार खर्चाचं. मुलांना नियम लावा: रस्त्याकडेला थांबलो की ट्रेलरमध्ये कोणी चढायचं नाही.

एसीबद्दल. छपरावर तर नाहीच, ते उचलणाऱ्या तारा तेवढ्या वजनासाठी नाहीत. खाली बसवला तरी एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॉट-तास देते. म्हणजे सव्वा तास, आणि थंडावा कॅनव्हासमधून बाहेर. त्याच बॅटरीवर २५ वॉटचे दोन पंखे दहा तास (५०० वॉट-तास), १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसभर (सुमारे ५००) आणि दिवे (५०) आरामात चालतात. २०० वॉटचं पॅनेल हिवाळ्यात दिवसाला ८०० वॉट-तासांच्या आसपास परत देतं, बाकी गाडी चालताना भरून घ्या. पॅनेल सुटं ठेवा, ट्रेलर सावलीत आणि पॅनेल उन्हात. ट्रेलरमध्ये जुना गॅसवर चालणारा फ्रीज असेल तर त्याच्यावर पैसे घालू नका, आपल्या उकाड्यात तो दमतो. घरची १५० अँपिअर-तासांची इन्व्हर्टर बॅटरीही नको, ती पन्नास किलोहून जड असते. बॅटरीपासून फ्रीजपर्यंत पाच मीटर तार २.५ चौरस मिमीची घातली तर १० अँपिअरला ०.७ व्होल्ट वाटेतच जातात आणि फ्रीज बंद पडू शकतो. ६ चौरस मिमी घ्या, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

शेगडी ट्रेलरच्या बाहेर, ५ किलोचं छोटं सिलिंडर. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीवर साचतो. सिलिंडर ठेवण्याच्या कप्प्याला तळाशी जाळीचं भोक हवंच.

शेवटी ओढण्याचं. अमेरिकन कपलर १ ७/८ किंवा २ इंचाच्या बॉलचा असतो, कपलरवर माप ठोकलेलं असतं. टो-बारचा बॉल त्याच मापाचा आणा, ‘बसतोय की’ म्हणून ५० मिमीचा लावू नका. सामान भरल्यावर पुढचं टोक बाथरूमच्या वजनकाट्यावर टेकवून बघा, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के यायला हवं. कमी आलं तर ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो, तेव्हा पाण्याचे कॅन पुढे सरकवा. हंपीच्या आधी एक रात्र सत्तरी तालुक्यात कोणाच्या तरी कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) काढा, सावली आणि पाणी दोन्ही मिळतं. मग रिकाम्या दिवशी चोर्ला घाट एकदा चढून-उतरून या, उतारावर खालच्या गिअरमध्ये.

आत्ता मात्र एवढंच करा: खाली झोपून कप्प्यांचे आणि तारांचे फोटो काढा, तारेची जाडी मोजा आणि मला पाठवा. हँडल तोपर्यंत काढून मामांच्या कपाटात ठेवा.